कायद्याची शिरगणती

पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आपटे मागे पडले की जिते हे लहानसे स्थानक लागते. त्यापुढे हमरापूर आणि त्यापुढे पेण. भाद्रपदात मुंबई-पुण्याच्या घराघरांत, किंबहुना सातासमुद्रांपलीकडील मराठी बिऱ्हाडांतही, जे गणपती मखरात बसतात त्यांपैकी पुष्कळसे याच टापूत आकारास येतात, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. पेण शहरात हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. तेथून तो हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत अशा गावांत पसरला आणि आता अंगणोअंगणी व शेडीशेडीत चालतो. मूर्तीच्या रेखीवपणाची वाहवा आपण सर्वच करतो. परंतु ती मूर्ती घडविणाऱ्या हातांना काय मिळते, ते हात दिवसाचे किती तास चालतात, आणि ते थकले वा दुखावले तर त्यांची वास्तपुस्त कोण घेतो, हा प्रश्न मखरापुढे आरती म्हणताना कोणाच्याच मनात येत नाही. आज आम्ही तोच प्रश्न वाचकांपुढे मांडीत आहोत.

आषाढ-श्रावणात या वाटेवरच्या एखाद्या शेडीत कोणीही डोकावून पाहावे. एकीकडे साच्यात काथ्या घालून प्लास्टर ओतले जात असते. दुसरीकडे बायका ओळीने बसून मूर्तींचे सांधे घासून गुळगुळीत करीत असतात. त्या घासण्याची पांढरी भुकटी त्यांच्या केसांवर व पापण्यांवर बसते आणि श्वासावाटे छातीतही उतरते. पलीकडे यंत्राच्या फवाऱ्याने रंग उडत असतो. आणि कोपऱ्यात डोळ्यांची आखणी करणारा कसबी कारागीर श्वास रोखून कुंचला चालवीत असतो. यांतील पुष्कळसे काम नगावर, म्हणजे जितके नग तितके दाम. सण जवळ आला की दिवस आणि रात्र यांतील भेद मावळतो. सण ओसरला की कामाचा ओघही ओसरतो. तोंडाला फडके बांधणे न बांधणे ज्याच्या त्याच्या मर्जीवर!

अशा माणसाचे आणि कामगार-कायद्याचे नाते काय? प्रश्न आजच विचारण्याचे कारण असे की, 21 नोव्हेंबर 2025 रोजी हिंदुस्थान सरकारने 29 जुने कामगार-कायदे गुंडाळून त्यांच्या जागी वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि कामावरील सुरक्षितता व आरोग्य यांविषयीच्या चार संहिता अमलात आणल्या. एवढा मोठा पालट झाला असताना जित्याच्या वाटेवरील शेडीत त्याचा उजेड किती पडतो, हे पाहणे हे लोकमताचे कर्तव्य आहे.

या उजेडाचे माप घेण्याची एक सोपी रीत आहे. कायदा ‘कारखाना’ कशास म्हणतो, हे पाहावे. हिंदुस्थानचा पहिला कारखान्यांचा कायदा 1881 सालचा. यंत्रशक्तीवर चालणाऱ्या ज्या ठिकाणी किमान 100 माणसे काम करीत असतील तोच त्या कायद्याच्या लेखी कारखाना. 1891 साली ही संख्या 50 वर आली. 1922 साली ती 20 झाली. 1948 च्या कायद्याने ती यंत्रशक्ती असेल तेथे 10 व नसेल तेथे 20 अशी ठरविली. 67 वर्षांत कायद्याचा उंबरठा असा पायरीपायरीने खाली येत गेला आणि दर पायरीस अधिकाधिक गरीब माणूस त्या उंबरठ्याच्या आत आला. मग काही राज्यांनी ही मर्यादा आपापल्या परीने शिथिल करण्यास आरंभ केला. आणि आता नव्या संहितेने ती सर्व देशासाठी दुप्पट केली आहे. यंत्रशक्ती असेल तेथे 20, नसेल तेथे 40. ज्या शिडीवरून आपण इतकी वर्षे उतरत आलो, तिची एक पायरी आपण पुन्हा वर चढलो आहोत. कारखान्याचे नियम पाळण्याचा त्रास धाकट्या मालकास होऊ नये, हा त्यामागचा हेतू सांगितला जातो. हेतू वाईट नाही. पण धाकट्या मालकाचा त्रास कमी करताना त्याचा भार कोणाच्या डोक्यावर उतरला, याचा हिशेब कोणी मांडलेला दिसत नाही.

एवढेच नव्हे. कामावरील सुरक्षितता व आरोग्य यांची जी संहिता आहे, ती सामान्यतः 10 वा अधिक कामगार असलेल्या ठिकाणासच लागू होते. म्हणजे शेडीत दहा माणसे असतील तर नेमणुकीचे पत्र, सुरक्षिततेची साधने, कामाच्या तासांची मर्यादा. आणि नऊ असतील तर यांपैकी काहीच नाही. आम्ही विचारतो, प्लास्टरची भुकटी छातीत शिरण्यापूर्वी शेडीतील माणसे मोजते काय? दहाव्या बाईचे फुप्फुस फुप्फुस, आणि नवापैकी कोणाचेही ते नव्हे, असा काही वैद्यकशास्त्राचा सिद्धांत आहे काय?

न्यायाने बोलावयाचे तर या संहितांत चांगलेही काही आहे आणि ते लपविणे आम्हांस शोभणार नाही. वेतनाच्या संहितेने किमान वेतनाचा हक्क सरसकट सर्व कामगारांस दिला आहे. 1948 च्या किमान वेतनाच्या कायद्यात धंद्यांची एक यादी असे. त्या यादीत ज्याचा धंदा नाही तो दाराबाहेर राही. ती यादी आता गेली. थकलेल्या वेतनाचा दावा तीन वर्षांच्या आत लावता येतो. आणि वेतन दिले होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. वेतनाची नोंदवही ठेवणे व कामगारास वेतनचिठ्ठी देणे हेही मालकाचे कर्तव्य ठरले आहे. परंतु ही सर्व अस्त्रे चालविणार कोण? ज्या बाईच्या हाती वर्षानुवर्षे चिठ्ठीचा एक कपटाही पडलेला नाही, तिने तालुक्याच्या कचेरीत जाऊन संहितेचे कलम दाखवावे, ही अपेक्षा म्हणजे आंधळ्याच्या हाती आरसा देणे होय.

या बाबतीत युरोपातील देशांचा अनुभव आम्हांस विचार करण्यासारखा वाटतो. तिकडचे कायदे दयाबुद्धीने झाले, असा आमच्याकडे एक भोळा समज आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. इंग्लंडात 1833 साली कापडगिरण्यांचा कायदा झाला, नऊ वर्षांखालील मुलांना बहुतेक कापडगिरण्यांत कामावर घेण्यास बंदी झाली, आणि सबंध देशासाठी निरीक्षक नेमले केवळ चार! गिरणीवाले तेव्हाही हेच ओरडत होते की, धंदा बुडेल. धंदा बुडाला नाही. 1847 साली बायका व कोवळ्या वयाची मुले यांचा दिवस दहा तासांचा झाला. तरीही धंदा बुडाला नाही. मात्र एक गोष्ट तिकडील विचारी लोकांच्या ध्यानात हळूहळू आली. गिरणीस नियम लागू झाले की निर्दय काम नाहीसे होत नाही. ते गिरणीतून निघून लहान दुकानात, पडवीत व माजघरात जाऊन बसते. म्हणून 1867 साली 50 हून कमी माणसांच्या दुकानांसाठी इंग्लंडाने वेगळा कायदा केला. त्याची अंमलबजावणी प्रथम स्थानिक मंडळांकडे सोपविली. जेथे कारखानदार व मंडळाचे सभासद एकाच पंगतीस बसणारे, तेथे अंमलबजावणी कशी होणार? कायदा कागदावरच राहिला. आणि 1871 साली ते काम सरकारी निरीक्षकांकडे द्यावे लागले. आमच्या ग्रामपंचायती व नगरपरिषदा यांच्याविषयी आम्हांस आदर आहे. पण हा धडा आम्ही विसरू नये.

त्याहून बोधप्रद गोष्ट क्रॅडली हीथ या गावची आहे. तेथील बायका घरामागील अंगणात भट्टी पेटवून हाताने लोखंडी साखळ्या घडवीत. मालक म्हणावा असा कारखानदार तेथे दिसतच नसे. मध्यस्थ लोखंडाच्या कांबी आणून देई व तयार साखळी तोलून घेऊन जाई. सबंध आठवडा घण घालून पाच शिलिंगांच्या आसपास हाती पडत. 1909 साली इंग्लंडात एक कायदा झाला. त्यान्वये ज्या धंद्यांत मजुरी अतोनात कमी असे, अशा चार धंद्यांत मालक, कामगार आणि तटस्थ गृहस्थ यांचे मंडळ नेमून किमान मजुरी ठरविण्याचे योजिले. साखळीचा धंदा त्या चारांत होता. मंडळाने तासास अडीच पेन्स हा दर ठरविला. त्याबरोबर काही मालकांनी काय केले? नवा दर आम्हांस नको, अशा मजकुराच्या कागदावर बायकांच्या सह्या व अंगठे घेण्यास प्रारंभ केला. पुष्कळींना तर तो कागद वाचताही येत नव्हता. तेव्हा 1910 च्या ऑगस्टात त्या बायकांनी भट्ट्या विझविल्या. मेरी मॅकार्थर नामक कार्यकर्तीने त्यांचे नेतृत्व केले, देशभरातून वर्गणी आली, आणि सुमारे दहा आठवड्यांनी मालकांनी नवा दर मान्य केला. उरलेल्या वर्गणीतून कामगारांसाठी एक सभागृह बांधले गेले.

जर्मनीने आणखी पुढे पाऊल टाकले. आजारपणाचा विमा 1883 साली, अपघाताचा 1884 साली आणि म्हातारपणाचा 1889 साली असे कायदे तेथे बिस्मार्कच्या कारकिर्दीत झाले. समाजवाद्यांच्या पायाखालची वाळू सरकवावी हा त्याचा डाव होता, पण विमा कामगारास मिळाला तो मिळालाच. घरी बसून नगावर काम करणाऱ्यांसाठी जर्मनीत 1911 साली आणि पुढे 1951 साली स्वतंत्र कायदे झाले. काम देणाऱ्याने नगाचे दर लिहून सर्वांस दिसतील असे लावावे, दिलेल्या कामाची व मजुरीची नोंद कामगाराच्या हाती द्यावी, आणि मध्यस्थाने मजुरी बुडविली तर काही बाबतीत मूळ काम देणाऱ्यानेही ती भरून द्यावी, असा त्यांचा रोख आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1996 साली घरबसल्या कामगारांसाठी एक करार मंजूर केला. त्यावर हिंदुस्थानने अद्याप संमतीची मोहोर उठविलेली नाही.

युरोपात सर्वच काही आलबेल आहे, असे आमचे म्हणणे नाही. तेथेही शिरगणती आहे. जर्मनीत कामावरून काढण्याविरुद्धचे मुख्य संरक्षण दहाहून अधिक माणसे असलेल्या ठिकाणीच सामान्यतः मिळते. सर्व देशांस लागू अशी किमान मजुरी जर्मनीने 2015 पर्यंत ठरविलेली नव्हती. डेन्मार्क व स्वीडन येथे ती कायद्याने आजही ठरत नाही, संघ व मालक यांच्या करारांनी ठरते, कारण तेथील संघ बळकट आहेत. पण श्रमाच्या तासांविषयी युरोपीय संघाचा नियम माणसे मोजून लागू होत नाही. आठवड्यास सरासरी 48 तासांहून अधिक काम नको, दोन दिवसांच्या मध्ये सलग 11 तासांची विश्रांती हवी, वर्षास किमान चार आठवडे पगारी रजा हवी. काही धंद्यांस अपवाद आहेत, परंतु दुकानात तीन माणसे आहेत म्हणून त्यांना झोप कमी लागते, असे तेथील कायदा मानीत नाही. आम्हांस अनुकरण करावयाचे तर तेथील चौकोनी इमारतींचे नव्हे, या एका विवेकाचे करावे.

हे विचार परके आहेत, असे कोणी म्हणेल तर त्याने आपल्याच इतिहासाची पाने चाळावीत. 1881 च्या कायद्याच्या वेळी राष्ट्रीय बाण्याच्या अनेक पत्रांनी त्यास विरोध केला. मुंबईच्या गिरण्यांची भरभराट लँकेशायरच्या डोळ्यांत सलते म्हणून हा खटाटोप आहे, असे त्यांचे म्हणणे होते. लँकेशायरचा स्वार्थ त्यात होता, हे खरेच. परंतु कायदा सांगणाऱ्याचा हेतू अशुद्ध असला म्हणून सोळा तास राबणाऱ्या पोराची पाठ दुखावयाची थांबत नाही, हे नारायण मेघाजी लोखंडे यांनी ओळखले. 1884 साली त्यांनी परळ येथे गिरणीकामगारांच्या सभा भरवून साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. 24 एप्रिल 1890 च्या सभेस सुमारे दहा हजार कामगार जमले व तीत स्त्री-कामगारही बोलल्या. आणि 10 जून 1890 रोजी रविवारची सुटी मान्य झाली. आपण सर्व, व्यापारीही, रविवारी दुपारी जी निवांत झोप घेतो, तीत या माणसाचे ऋण आहे.

आणि जित्याच्या वाटेस तर आणखी जवळचे उदाहरण आहे. नारायण मल्हार जोशी हे याच कुलाबा, म्हणजे 1981 पासूनच्या रायगड, जिल्ह्यातील गोरेगावचे. 1919 साली वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय कामगार परिषद प्रथम भरली, तेव्हा हिंदी कामगारांच्या वतीने तेथे ते बसले होते. जगास आठवड्याचे 48 तास आणि हिंदुस्थानास 60, असा भेद त्या परिषदेत झाला. तो भरून निघावयास 1946 साल उजाडावे लागले, जेव्हा मजूरमंत्री डॉ. आंबेडकरांच्या कारकिर्दीत कारखान्यांचे तास 54 वरून 48 वर आले. कुलाब्याचा एक सुपुत्र जगाच्या सभेत कामगारांचे गाऱ्हाणे मांडून आला. आणि त्याच जिल्ह्यात शंभर वर्षांनंतर शेडीतील बाईच्या तासांची नोंद ठेवणारी वही नसावी, याची आम्हांस लाज वाटली पाहिजे.

आता आमचे व्यापारी वाचक म्हणतील, ‘‘संपादकमहाराज, लेखणी चालविणे सोपे, धंदा चालवून पाहा!’’ त्यांचे म्हणणे आम्ही टाळीत नाही. मूर्तींचा धाकटा कारखानदार पुष्कळदा स्वतःच हाताने राबतो. त्याने कर्ज काढावे हंगामाच्या आरंभी, त्याचे पैसे सुटावेत सण झाल्यावर, तेही घाऊक गिऱ्हाइकाच्या मर्जीने. त्यात प्लास्टरच्या मूर्तींवरील बंदीची टांगती तलवार वर्षानुवर्षे डोक्यावर होती; 2025 च्या जूनमध्ये उच्च न्यायालयाने अशा मूर्ती घडविण्यास व विकण्यास मोकळीक दिली, पण नैसर्गिक जलाशयांतील विसर्जनाचा निर्बंध ठेवला. हे सर्व खरे. परंतु या सर्व युक्तिवादाचा शेवट कोठे होतो, ते पाहा. गिऱ्हाइकाने भाव पाडला, तो मालकाने सोसला नाही. मालकाने मजुरीवर ढकलला. आणि मजुरीच्या खाली ढकलावयास कोणी उरले नाही. वड्याचे तेल वांग्यावर काढण्याची ही जुनी रीत आहे. किमान दर सर्वांना सारखा बांधलेला असेल तर त्याचा पहिला फायदा सचोटीच्या मालकासच होतो. कारण मग शेजारचा मालक मजुरी कापून त्याचे गिऱ्हाईक पळवू शकत नाही. इंग्लंडात 1909 च्या कायद्याची मुख्य तरफदारी याच मुद्द्यावर झाली होती. तो कायदा चांगल्या व्यापाऱ्याचा शत्रू नसून त्याची ढाल आहे.

आणि कायदा माणसे मोजल्यावाचून चालू शकतो, याचेही उदाहरण आपल्याच देशात आहे. पावसाळा सरता सरता उचल घेऊन वीटभट्टीवर जाणारी कातकरी कुटुंबे या जिल्ह्यात कोणी पाहिली नाहीत? ती उचल फिटता फिटत नाही आणि हंगाम संपला तरी देणे संपत नाही. 1976 च्या वेठबिगारी निर्मूलनाच्या कायद्याने असे कर्ज रद्द ठरविले. आणि तेथे किती माणसे बांधली आहेत, हे कायदा विचारीत नाही. एक असला तरी पुरे. सर्वोच्च न्यायालयाने 1982 साली यापुढे जाऊन सांगितले की, किमान वेतनाहून कमी दामात काम करून घेणे हीही घटनेच्या 23 व्या कलमाने निषिद्ध केलेली वेठच होय. हे तत्त्व भट्टीस लागू आणि शेडीस नाही, असे म्हणावयास कोणतेच कारण दिसत नाही.

मग करावे काय? आमच्या सूचना चार आहेत आणि त्यांतील एकीसही नवा कायदा लागत नाही. पहिली अशी की, जेथे जोखमीचे काम चालते तेथे एकच कामगार असला तरी सुरक्षिततेची संहिता लागू करण्याचा अधिकार सरकारास आहे. प्लास्टरची घसाई व फवाऱ्याचे रंगकाम यांसाठी तो अधिकार वापरावा. दुसरी अशी की, वेतनाच्या संहितेत मालक, कामगार व तटस्थ गृहस्थ यांच्या सल्लागार मंडळाची तरतूद आहेच. त्या मंडळाने मूर्तिकामाचे नगावरचे दर, मूर्तीची उंची व कामाचा प्रकार पाहून ठरवावेत, आणि ते मराठीत ठळक लिहून प्रत्येक शेडीच्या भिंतीवर लावावेत. तिसरी अशी की, निरीक्षकाने आषाढात यावे. कार्तिकात येऊन रिकाम्या शेडीची पाहणी करणे म्हणजे वरातीमागून घोडे होय. चौथी सूचना सरकारास नसून आमच्या वाचकांस आहे. घाऊक माल उचलणाऱ्या व्यापाऱ्याने भाव ठरविताना एकच प्रश्न विचारावा: ‘‘तुमच्या माणसांना वेतनचिठ्ठी मिळते काय?’’ हा प्रश्न विचारण्यास काही खर्च येत नाही. पण पेणेच्या बाजारात तो दहा व्यापाऱ्यांनी विचारला तर एका हंगामात जे होईल, ते दहा निरीक्षकांच्याने दहा वर्षांत व्हावयाचे नाही.

शेवटी एक गोष्ट शेडीतील कामकऱ्यांस सांगावयाची आहे. कायदा आकाशातून पडत नाही. शेजारच्याच अलिबाग तालुक्यात चरी येथील कुळांनी 1933 साली खोतांविरुद्ध संप पुकारला. त्यांनी जमिनी कसल्या नाहीत, हाल सोसले, पण 1939 सालापर्यंत एकजूट मोडू दिली नाही. नारायण नागू पाटील त्यांच्या पुढे होते व डॉ. आंबेडकर त्यांच्या पाठीशी. त्याच साली मुंबई इलाख्याचा कुळकायदा झाला. भातशेतीतील कुळास जे साधले ते मूर्तीच्या शेडीतील हातांस साधणार नाही, असे आम्हांस वाटत नाही. नऊ माणसांच्या दहा शेडी एकत्र आल्या तर नव्वद माणसे होतात. कायद्यास शिरगणतीच करावयाची असेल, तर ती त्याने एकदा सर्व शेडींची मिळून करावी.